दहा प्लायचा टायर आणि पस्तीसची हवा: ट्रेलर ओढणाऱ्या एसयूव्हीचं एक प्रकरण

गाडी तीन रांगांची फुल-साइझ 4x4 एसयूव्ही, एक्स्पेडिशन किंवा सेक्वोया ज्या वर्गात मोडतात त्या वर्गातली. टायरचा साइझ 275/65R18. घर कोलोरॅडोत, डेन्व्हरला लागून असलेल्या ऑरोरा गावात. चौघांचं मराठी कुटुंब आणि मागे 24 फुटी ट्रॅव्हल ट्रेलर. वर्षाला साधारण 14,000 मैल रनिंग, त्यातला पाव हिस्सा ट्रेलर जोडून: उन्हाळ्यात युटातल्या मोआबकडे, एरवी रॉकी माउंटनमधल्या कॅम्पग्राउंडवर.

तक्रार अशी की आय-70 हायवेवर शेजारून मोठा ट्रक गेला की गाडीचा मागचा भाग डोलतो आणि स्टिअरिंग सावरावं लागतं. टायर तसेही संपत आले होते. दुकानदाराने सल्ला दिला, "लोड रेंज ई घ्या, दहा प्लाय. मग बघायलाच नको." म्हणजे जास्त हवा आणि भार झेलणारे दणकट टायर. मालकांचा प्रश्न एवढाच होता की ते घ्यावेत का.

या गाडीसाठी उत्तर 'नको' असं निघालं. ते का निघालं हे महत्त्वाचं, कारण हाच सल्ला दुसऱ्या एखाद्या गाडीला अगदी बरोबर ठरू शकतो.

जुने टायर काढण्याआधी

बदलायला आलेले जुने टायर म्हणजे गाडीचा फुकटात मिळणारा रिपोर्ट, पण बहुतेक ठिकाणी तो न वाचताच भंगारात जातो. इथे मागच्या दोन्ही टायरची नक्षी मधोमध 5/32 इंच शिल्लक होती आणि दोन्ही कडांना 3/32. पुढच्या टायरांवर अशी तफावत नव्हती. दोन्ही कडा झिजलेल्या आणि मधला पट्टा शाबूत, याचा अर्थ टायर कमी हवेवर किंवा जास्त भाराखाली चालला. एकच कड खाल्ली असती तर अलाइनमेंटवर संशय घेता आला असता.

सकाळी गाडी हलवण्याआधी गेज लावला तर मागे 31 पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच, हवेच्या दाबाचं माप) भरले. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर जो स्टिकर असतो, त्यावर चारही टायरना 35. मालक हवा अगदी नियमाने भरत होते, पण पंपापर्यंत आठ-दहा मैल गाडी चालवून, भर दुपारी. स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असताना आणि उन्हात तापलेली नसताना मोजायचा. हवेचं तापमान 10 अंश फॅरनहाइटने उतरलं की टायरमधली हवा सुमारे 1 पीएसआय उतरते, आणि चालून तापलेल्या टायरमध्ये त्यावर आणखी तीन-चारची सूज असते. दुपारी भरलेले 35 पहाटे 31 होतात ते असे.

साइडवॉलवरच्या, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवरच्या, डॉट क्रमांकाचे (निर्मितीच्या क्रमांकाचे) शेवटचे चार आकडे 2318 होते: 2018 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी रबराचं वय झालं होतं. काही वाहन कंपन्या सहा वर्षांनी टायर बदलायला सांगतात, टायर कंपन्या जास्तीत जास्त दहा वर्षांची मर्यादा घालतात. ट्रेलर ओढणाऱ्या गाडीने दहाची वाट पाहू नये असं आमचं स्पष्ट मत आहे, कारण उष्णतेचा सगळा मारा मागच्या जोडीवर होतो आणि टायर फुटला तर मागे अडीच टन लटकलेले असतात.

म्हणजे डोलण्याचं निम्मं कारण गेज लावल्यावरच हाती आलं होतं. उरलेलं निम्मं वजनकाट्यावर सापडलं.

काट्यावरचे तीन कागद

अमेरिकेत हायवेवरच्या ट्रकथांब्यांवर कॅट कंपनीचे काटे असतात. पुढचा अ‍ॅक्सल, मागचा अ‍ॅक्सल आणि ट्रेलर यांचं वजन वेगवेगळ्या प्लॅटफॉर्मवर एकाच वेळी होतं आणि 20 पौंडांच्या टप्प्यात छापून मिळतं. काम अर्ध्या तासाचं आहे आणि खर्च एका टायरच्या किमतीपुढे किरकोळ. गाडीत नेहमीची माणसं, पूर्ण टाकी, नेहमीचं सामान आणि ट्रेलरमध्ये प्रवासाला भरतो तेवढं सगळं भरून तीनदा वजन केलं. आकडे पौंडात आहेत. वेट डिस्ट्रिब्युशनचे बार म्हणजे ट्रेलरचा मागच्या चाकांवर पडणारा भार पुढच्या आणि ट्रेलरच्या चाकांवर वाटून देणाऱ्या दांड्या.

एकटी गाडी: पुढे 3,180, मागे 3,340.
ट्रेलर जोडून, वेट डिस्ट्रिब्युशनचे बार न लावता: पुढे 2,840, मागे 4,360, ट्रेलरचे अ‍ॅक्सल 4,920.
ट्रेलर जोडून, बार लावून: पुढे 3,060, मागे 4,040, ट्रेलरचे अ‍ॅक्सल 5,020.

पहिल्या दोन कागदांवरून टंग वेट, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या टोकाचा गाडीवर पडणारा भार, निघतं. दुसऱ्या कागदावर गाडीचे दोन्ही अ‍ॅक्सल मिळून 7,200, पहिल्यावर 6,520. फरक 680 पौंड. ट्रेलरचं एकूण वजन 680 अधिक 4,920, म्हणजे 5,600. टंग वेट 12 टक्के झालं, आणि ट्रॅव्हल ट्रेलरला 10 ते 15 टक्के हवं असतं. ट्रेलरमधलं सामान चुकीच्या जागी भरलेलं नाही, हा एक संशय इथेच मिटला.

ट्रेलर ज्यावर अडकतो त्या बॉलवर 680 पौंड टाकले, पण मागच्या अ‍ॅक्सलवर 1,020 वाढले. जास्तीचे 340 पुढच्या चाकांवरून उचलले गेले, कारण बॉल मागच्या अ‍ॅक्सलच्या जवळजवळ पाच फूट मागे आहे आणि मागचा अ‍ॅक्सल टेकू बनतो. बार लावल्यावर त्या 340 पैकी 220 पुढे परत आले आणि 100 पौंड ट्रेलरच्या चाकांवर गेले. टायर निवडताना धरायचा आकडा हा तिसऱ्या कागदावरचा: मागच्या अ‍ॅक्सलवर 4,040.

निम्मे केले की एका टायरवर 2,020. पण डावी-उजवी बाजू कधीच सारखी नसते. पेट्रोलची टाकी, ड्रायव्हर, ट्रेलरमधलं स्वयंपाकघर एका अंगाला असतं. पाच टक्के तफावत धरली तर जड बाजूच्या टायरवर 2,120 पौंड. या प्रकरणातली पुढची प्रत्येक गोष्ट या एका आकड्याशी ताडून पाहायची आहे.

इथेच आणखी एक गोष्ट दिसते. गाडीच्या स्टिकरवर एकूण वजनाची मर्यादा 7,300 पौंड आहे आणि बार लावून गाडी 7,100 वर गेलेली आहे. उरले 200. टायर कितीही दणकट घातले तरी हे 200 वाढत नाहीत. स्प्रिंग, ब्रेक, अ‍ॅक्सल, फ्रेम हे सगळं धरून ती मर्यादा ठरलेली असते. 'मोठे टायर टाकलेत, आता अजून दोन सायकली मागे लटकवू' हा हिशेब म्हणूनच चुकतो.

साइडवॉलवरचा आकडा जसाच्या तसा धरायचा नाही

जुना टायर P275/65R18 114T. P म्हणजे कारसाठी बनलेला, T हे वेगाचं अक्षर. लोड इंडेक्स, म्हणजे एका टायरने उचलायच्या भाराचा सांकेतिक आकडा, 114 म्हणजे 1,180 किलो, 2,601 पौंड. गरज 2,120, मग भरपूर शिल्लक आहे असं वाटतं. तसं नाही. कारसाठी बनलेला टायर एसयूव्ही, पिकअप किंवा ट्रेलरवर चढवला की त्याची क्षमता 1.10 ने भागायची, असं अमेरिकेच्या मोटार सुरक्षा मानक क्रमांक 110 मध्ये लिहिलेलं आहे. उंच, जड गाडी वळणावर बाहेरच्या टायरवर जास्त भार टाकते, त्याची ही तजवीज. 2,601 भागिले 1.10 म्हणजे 2,365 पौंड, तेही थंड टायरमध्ये 35 भरलेले असताना.

2,120 विरुद्ध 2,365. साधारण 90 टक्के क्षमता वापरात. चालेल, पण ऐसपैस नाही. आणि या मालकांच्या टायरमध्ये 35 नव्हतेच, 31 होते. ते चार पीएसआय गेले की उरलीसुरली सूटही जाते, साइडवॉल जास्त वाकतो, वाकण्यातून उष्णता तयार होते आणि कडा झिजतात. 2000 साली अमेरिकेत एक्सप्लोरर गाड्यांवरच्या फायरस्टोन टायरांची नक्षी पट्ट्यांपासून सुटण्याचं मोठं प्रकरण झालं. त्या चर्चेत कमी हवा आणि उष्णता हे मुद्दे ठळकपणे होते, आणि त्यानंतर झालेल्या कायद्यामुळेच हवेचा दाब सांगणारी टीपीएमएस यंत्रणा सगळ्या नव्या गाड्यांत सक्तीची झाली.

बाजारात याच साइझमध्ये आज 116T लिहिलेले टायर सर्रास मिळतात. 116 म्हणजे 2,756 पौंड; 1.10 ने भागून 2,505, आणि 35 पीएसआयवर त्याहून थोडं कमी, 2,450 च्या घरात. दोन आकडे वाढले म्हणून हा टायर फार वेगळ्या बांधणीचा आहे असं मात्र समजू नये. आकड्यापुढे P असलेला आणि नसलेला टायर थोड्या वेगळ्या मानकांनी मोजला जातो, बराचसा फरक तिथला आहे. तरीही छापलेली क्षमता हीच कायद्याने धरायची क्षमता, आणि 114 च्या खाली जायचं नाही हा नियम पक्का. ऑनलाइन स्वस्तात दिसणाऱ्या टायरचा लोड इंडेक्स न पाहता नुसता साइझ जुळवून ऑर्डर देणारे लोक कमी नाहीत.

दहा प्लायचं गणित

आता दुकानदाराचा सल्ला. LT275/65R18 लोड रेंज ई, 123/120. LT म्हणजे लाइट ट्रक; 123 हा एकेरी चाकाचा लोड इंडेक्स, 120 जोडचाकांचा. बोलेरो पिकअपच्या किंवा टेम्पोच्या टायरवर '8 पीआर', '10 पीआर' असं लिहिलेलं आपण पाहतो, त्याच घराण्यातली ही गोष्ट. दहा प्लाय म्हणजे आत दहा थर असतात असं नाही. साइडवॉलमध्ये बहुतेकदा दोन किंवा तीनच थर असतात, फक्त ताकद जुन्या सुती दहा थरांच्या तोडीची. सी म्हणजे सहा प्लाय, डी आठ, ई दहा.

123 म्हणजे 3,415 पौंड, आणि LT टायरला 1.10 ने भागायचंही नसतं. 2,120 च्या गरजेला 3,415. कागदावर हा टायर बाकी सगळ्यांना झोपवतो. पण तो आकडा 80 पीएसआयचा आहे. टायर स्वतः भार उचलत नाही, आतली हवा उचलते. दणकट टायर म्हणजे जास्त हवा सहन करणारा टायर. हवा कमी भरली की क्षमता खाली येते, आणि LT मध्ये ती बरीच खाली येते. टायर अँड रिम असोसिएशनच्या तक्त्यांवरून याच साइझला 50 पीएसआयवर 2,535 पौंड मिळतात. 45 ला सुमारे 2,370. आणि 35 ला जेमतेम 2,000.

म्हणजे असं घडतं: दुकानात ई टायर बसतात. हवा भरणारा पोरगा दाराचा स्टिकर बघून 35 भरतो, कारण त्याला तसंच शिकवलेलं आहे. मालक खुशीत ट्रेलर जोडतात. जड बाजूच्या टायरवर 2,120 पौंड येतात आणि टायरची त्या हवेतली क्षमता 2,000. काढून टाकलेला जुना साधा टायर याच 35 वर 2,365 उचलत होता. जास्त पैसे मोजून गाडी ओव्हरलोड केली, आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. आमच्या पाहण्यात ट्रेलरवाल्या एसयूव्हीच्या टायरबाबत सगळ्यात जास्त होणारी चूक हीच.

बरं, 50 भरले तर? मग भाराचा प्रश्न सुटतो, पण दुसरे उभे राहतात. टीपीएमएसचा दिवा स्टिकरच्या आकड्यापेक्षा 25 टक्के हवा उतरल्यावर लागतो, म्हणजे 35 च्या स्टिकरला साधारण 26 वर. 50 वर चालवायचा टायर पंक्चर होऊन 30 वर आला तरी डॅशबोर्ड गप्प. काही गाड्यांत डीलर हा आकडा बदलून देऊ शकतो, सगळ्यांत नाही. मग वॉल्व्ह: दाबून बसवायचे साधे रबरी वॉल्व्ह 65 पीएसआयपर्यंतच चालतात, त्यापुढे धातूचे किंवा हाय-प्रेशर वॉल्व्ह लागतात. रिमलाही कमाल दाब आणि भाराची मर्यादा असते. ती रिमच्या आतल्या बाजूला कोरलेली सापडली नाही तर 80 भरण्याचा विचार सोडावा. आणि दर टायरमागे 10 ते 15 पौंड वजन वाढतं, चाकाच्या परिघाजवळ. ब्रेकला, सस्पेन्शनला आणि पेट्रोलच्या बिलाला ते रोज जाणवतं. वर्षातले तीन-चतुर्थांश मैल शाळा, ऑफिस आणि किराणा असे जाणार असतील तर हा व्यवहार तोट्याचा.

याच साइझमध्ये लोड रेंज सी, 113/110, हा मधला रस्ता आहे: 50 पीएसआयवर 2,535 पौंड, साइडवॉल साध्या टायरपेक्षा ताठ, वजन ईपेक्षा कमी. कागदावर तो चांगला दिसतो. अडचण अशी की सी मध्ये पर्याय मोजकेच, आणि टीपीएमएसची अडचण तीच. हातात आलाच तर वाईट नाही, पण त्यासाठी महिनाभर थांबावं असंही नाही.

बर्फ आणि घाट

कोलोरॅडोत टायरची निवड भारावर संपत नाही. आय-70 वर डॉटसेरो ते मॉरिसन या पट्ट्यात 1 सप्टेंबर ते 31 मे ट्रॅक्शनचा नियम लागू असतो आणि नक्षी किमान 3/16 इंच, म्हणजे 6/32 लागते. देशभरात धरली जाणारी 2/32 ची मर्यादा इथे उपयोगाची नाही. या गाडीचे जुने टायर त्या हिशेबाने आधीच बाद झाले होते.

M+S ही अक्षरं नक्षीच्या भूमितीवरून मिळतात, बर्फातल्या चाचणीवरून नाही. डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असेल तर त्या टायरने बर्फावर पकडीची ठरावीक चाचणी पास केलेली असते. ऑक्टोबरात ट्रेलर घेऊन घाट चढणाऱ्याने हे चिन्ह सोडू नये. मात्र त्यासाठी मोठ्या बटणांचा, म्हणजे नक्षीच्या मोठ्या ठोकळ्यांचा, मड-टेरेन (चिखलाचा टायर) घेऊ नये. बटण जितकं उंच आणि सुटं, तितकं ते भाराखाली लवचतं, आणि आपली मूळ तक्रारच डोलण्याची आहे.

उंचीची एक गंमत. ऑरोरा समुद्रसपाटीपासून मैलभर उंच, आयझेनहॉवर बोगदा 11,158 फुटांवर. वर जाताना बाहेरची हवा विरळ होते आणि गेज सुमारे अडीच पीएसआय जास्त दाखवतं. पण वर 20-25 अंश थंडीही असते, ती जवळपास तेवढीच हवा उतरवते. दोन्ही एकमेकांना फेडतात. म्हणून घाटमाथ्यावर थांबून हवा कमी-जास्त करत बसू नये. बोगद्याच्या पश्चिमेला सिल्व्हरथॉर्नकडे 7 टक्क्यांचा लांब उतार आहे. तिथे ब्रेकची उष्णता रिमवाटे टायरमध्ये जाते आणि आकडा आणखी चढतो. तापलेल्या टायरची हवा काढायची नाही, कधीच नाही. खाली येऊन टायर थंड झाले की तो टायर कमी हवेवर असतो.

काय घेतलं

275/65R18 116T, ऑल-टेरेनपैकी सौम्य नक्षीचा, डोंगर-हिमकणाचं चिन्ह असलेला, साधा लोड. जड बाजूच्या 2,120 ला 35 वर सुमारे 2,450, म्हणजे 86-87 टक्के. ट्रेलर जोडताना मागे थंड 40, पुढे 35; ट्रेलर सोडला की मागे पुन्हा 35. साइडवॉलवर कमाल दाब 44 किंवा 51 असा काही छापलेला असतो, त्याच्या आत राहूनच. हे जास्तीचे पाच पीएसआय भार वाढवण्यासाठी नाहीत, कारण अशा टायरची छापील क्षमता 35-36 च्या पुढे वाढत नाही. ते साइडवॉल ताठ राहावा म्हणून. रोजच्या वापरात मात्र 40 ठेवले तर मधला पट्टा लवकर झिजतो.

साइझ वाढवण्याचा मोह टाळला. 275/70R18 दिसायला रुबाबदार, पण व्यास 32.1 वरून 33.2 इंचांवर जातो. गाडीचा अ‍ॅक्सल 3.73 गिअर रेशोचा असेल तर तो 3.61 सारखा वागू लागतो. म्हणजे ट्रेलर ओढण्याची ताकद आपण खिशातले पैसे देऊन कमी करून घेतो, वर बॉलची उंची बदलल्यामुळे हिच (ट्रेलर जोडायचा सांधा) पुन्हा बसवावा लागतो. 20 इंची रिम हाही उलटा प्रवास: साइडवॉल बुटका होतो खरा, पण 275/55R20 चा लोड इंडेक्स सहसा 111 किंवा 113 असतो.

ऑर्डर देताना नुसतं नाव सांगून भागत नाही. मिशलिनचा डिफेंडर एलटीएक्स घ्या: याच नावाखाली 275/65R18 116T असा साधा टायर आहे आणि LT275/65R18 123/120R असा लोड रेंज ई टायरही आहे. गोदामातून कुठला येईल सांगता येत नाही. म्हणून कागदावर साइझ, लोड इंडेक्स, वेगाचं अक्षर, LT हवा की नको, बर्फाचं चिन्ह, आणि चारही टायरचा डॉट आठवडा गेल्या वर्षभरातला असावा, असं सगळं लिहून घ्यावं. आणि चढवण्याआधी टायर स्वतः वाचावा. मशीनवर चढल्यावर परत घ्यायला कोणी तयार नसतं.

बसवताना

चारही टायर एकदम. 4x4 मध्ये पुढच्या-मागच्या टायरच्या व्यासात फरक पडला की ट्रान्सफर केसमधल्या (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या डब्यातल्या) क्लचवर ताण येतो, विशेषतः 'ऑटो' मोडमध्ये. टीपीएमएसच्या सेन्सरचं सील, कोअर आणि नट बदलून घ्यावेत; सेन्सरची बॅटरी सात-दहा वर्षांत संपते, तेव्हा जुन्या गाडीत सेन्सरही आत्ताच बदललेले बरे, नाहीतर वर्षभरात पुन्हा टायर उतरवावा लागतो.

नट इम्पॅक्ट गनने आवळून सोडू देऊ नयेत. शेवटचा हात टॉर्क रेंचचा, आणि आकडा आपल्या गाडीच्या पुस्तकातला: फोर्डच्या या वर्गातल्या गाडीला 150 फूट-पौंड, जीएमच्या टाहो-सबर्बनला 140, इतरांना याहून बराच कमीही असतो. जास्त आवळलं तर स्टड ताणला जातो आणि ब्रेकची डिस्क वाकडी बसते. मग दोन महिन्यांनी ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं आणि दोष ब्रेक पॅडला दिला जातो. पहिल्या 50 ते 100 मैलांनी पुन्हा टॉर्क तपासावा.

पहिले 500 मैल ट्रेलर जोडायचा नाही. नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातलं वंगण असतं, आणि पूर्ण उंचीची बटणं कोवळी असतात, भाराखाली आडवी लवचतात. 'नवे टायर टाकले आणि गाडी आधीपेक्षा जास्त डोलायला लागली' ही तक्रार बहुतेक वेळा याच काळातली असते. दुकानाशी भांडण्याआधी मैल मोजावेत.

टायरने न सुटणारं

तिसऱ्या कागदावर पुढच्या अ‍ॅक्सलला 340 पैकी 220 परत मिळाले, म्हणजे साधारण 65 टक्के. हिच बसवणाऱ्या कंपन्या आणि वाहनाचं पुस्तक यांची अपेक्षा वेगवेगळी असते. काही पुस्तकं निम्मंच परत आणा म्हणतात, काही पूर्ण. आपल्या पुस्तकात जे आहे तेच धरायचं. इथे बार योग्य ताणले होते, पण स्वे, म्हणजे ट्रेलरचं डोलणं, रोखणारा घर्षणाचा भाग झिजून गुळगुळीत झाला होता. तो बदलला.

ट्रेलरचे टायर ST205/75R14, लोड रेंज सी, एकाला 50 पीएसआयवर 1,760 पौंड. चार टायरवर 5,020 म्हणजे प्रत्येकी 1,255. भाराला प्रश्न नाही. पण हवा 41 ते 44 च्या दरम्यान होती, कारण 'भार कमी आहे तर मऊ ठेवू' असा विचार. ट्रेलरच्या टायरला हा विचार लावायचा नाही. दोन अ‍ॅक्सल जवळजवळ असले की वळताना टायर आडवे घासतात, साइडवॉल पिळला जातो, आणि मऊ साइडवॉल ट्रेलरला शेपटासारखं हलू देतो. साइडवॉलवर छापलेला पूर्ण दाब, थंड, कायम. या टायरांवर वेगाचं वेगळं अक्षर नसेल तर 65 मैलांची मर्यादा समजून चालायचं. एसयूव्हीचा T टायर 118 मैलांचा आहे म्हणून जोडी 75 ने पळवण्यात अर्थ नाही.

डोलणं किती कशामुळे कमी झालं याची वाटणी करायची तर मागच्या टायरमधली हवा आणि ट्रेलरच्या टायरमधली हवा यांचा वाटा सगळ्यात मोठा. नवे टायर त्यानंतर. जुने टायर वयामुळे आणि नक्षीमुळे जायचेच होते, पण नुसते टायर बदलून 31 वरच चालवले असते तर तक्रार वर्षभरात परत आली असती.

LT कधी घ्यावा

काट्यावर जड बाजूच्या टायरचा भार साध्या टायरच्या भागलेल्या क्षमतेच्या 95 टक्क्यांपुढे गेला तर LT शिवाय पर्याय नाही, आणि तेव्हा गाडीच्या अ‍ॅक्सलची मर्यादा ओलांडली नाही ना हे आधी पाहावं. दुसरं कारण रस्त्याचं. मोआबच्या पुढे कच्च्या, अणकुचीदार दगडांच्या वाटेवर ट्रेलर नेणाऱ्याला साइडवॉल फाटण्याची भीती असते. तिथे ई टायरचे जास्तीचे पौंड वसूल होतात. LT घेतला तर हवा तक्त्यावरून ठरवायची, स्टिकरवरून नाही. या गाडीच्या वजनाला ट्रेलरसह मागे 50, पुढे 45 पासून सुरुवात करता येते. पुढच्या अ‍ॅक्सलवर बार लावून 3,060 आणि एकट्या गाडीत 3,180 म्हणजे एका टायरवर 1,600 च्या आसपास, तेव्हा पुढे 45 ऐकायला जास्त वाटतं. पण रिकाम्या गाडीचं वळणावरचं वागणं बिघडू नये म्हणून पुढच्या-मागच्या ताठपणात फार अंतर ठेवत नाहीत. शिवाय दाराच्या स्टिकरशेजारी नव्या टायरचा प्रकार आणि त्याचा दाब लिहून एक चिकटपट्टी लावावी. नाहीतर पुढच्या वेळी तेल बदलणारा पोरगा नेमाने 35 वर आणून ठेवतो.

राहिली स्टेपनी. गाडीखाली लटकलेली स्टेपनीही 2018 ची होती, न वापरलेली, नक्षी पूर्ण, आणि आत 22 पीएसआय. जुन्या चारपैकी त्यातल्या त्यात बरा टायर स्टेपनीला ठेवायचा विचार मालकांच्या मनात होता. त्याऐवजी पाचवा नवा टायर घेतला आणि पाच टायरचं रोटेशन सुरू केलं, दर 5,000 मैलांनी. पाचही सारखे झिजतात, आणि घाटात पंक्चर झालं तर मागच्या अ‍ॅक्सलवर चढणारा टायर तेवढ्याच वयाचा आणि व्यासाचा असतो. स्टेपनीत 40 भरून ठेवावेत. कमी करायला सेकंद लागतात, वाढवायला पंप लागतो.